स्टेशनावर थांबल्यात म्हणून सांगणारा

प्रिय अण्णा,

आज दुपारी एक फौजी तुला विचारत दारात आला. तू जाऊन वर्ष होत आलं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आटपाडीकडचा ज्ञानू, हौसाचा नवरा. लढाई संपल्यावर घरी पोचला, तर बायको नाही. तो धर्मशाळेत मुक्कामाला गेल्यापासून माझं कशात लक्ष लागेना, म्हणून तुलाच लिहायला बसले.

हौसाचं नाव तिथे तरी विसरलास का रे?

तू तासगावला फौजदार होतास. माझ्या नवऱ्याची फौजेतून पत्रं बंद झाली, म्हणून मी भावाकडे, तुझ्याकडे राहायला आले. त्याच सुमारास फौजी लोकांच्या बायका नाहीशा होऊ लागल्या. जोरजबरदस्ती कुठेच नव्हती. खाकी कपड्यातला एक माणूस येई, नवऱ्याचं नाव घेई, आणि बाई ठेवणीतलं लुगडं नेसून त्याच्याबरोबर निघे. पुढे कुठल्याशा ओढ्याकाठी ती सापडे. अंगावर फुटका मणीसुद्धा नसे. हौसा त्यांतलीच एक.

तुझी झोप उडाली. एका सकाळी मी भाकऱ्या थापत होते, तेव्हा माजघरातून परक्या पुरुषाचा आवाज आला. मऊ, जराही घाई नसलेला. "ताई, मालक आल्यात. पायाला लागलंय, स्टेशनावर थांबल्यात. चला, मी न्हेतो."

आत गेले तर तू एकटाच, भिंतीकडे तोंड करून.

"बाया का जातात ते मला कळायला हवं, इंदू," म्हणालास.

मग रोज तो आवाज घरात फिरू लागला. अण्णा, पोलिसाचं काम इतकं आत घ्यायचं असतं का? मला त्या खुन्यापेक्षा तुझीच भीती वाटायला लागली होती.

आणि तू दौऱ्यावर असताना एका दुपारी तो खरंच आला. शब्द तेच. दोन शब्दांमध्ये थांबणंही तेच. तू त्याला कधी पाहिलेलं नव्हतंस, मग त्याचा आवाज तुझ्या गळ्यात आला कुठून? हॉटेलात बसून तो फौजींची नावं काढून घेत असे, हे मागाहून कळलं. त्या वेळी मात्र माझ्या नवऱ्याचं नाव त्याने इतक्या मायेनं घेतलं, की सगळं ओळखूनही माझा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता.

"बसा, लुगडं बदलून येते," म्हणाले, आणि परसदारातून शेजारच्या आबांकडे गेले. त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी त्याला धरलं. त्याने हातसुद्धा उचलला नाही. प्यायला पाणी मागितलं.

त्याला फाशी झाली. तुला शाबासकी मिळाली. पण तो आवाज तुझ्यातून गेला नाही. जेवताना मीठ मागायचास, तेही त्याच आवाजात. मग तू बोलणंच सोडलंस. शेवटच्या आजारात एवढंच सांगितलंस, की हौसा वाटभर त्याला विचारत होती, "मालक लय वाळल्यात का?" फाशीआधी त्यानेच तुला हसत सांगितलं होतं. "हे कुणाला सांगू नको, ऐकणाऱ्याला सोसायचं नाही," म्हणालास.

तुला एकट्याला तरी कुठे सोसलं?

ज्ञानू आज पायरीवर बसून म्हणाला, "गावात म्हणत्यात, परक्याचा हात धरून गेली. खरं काय ते सांगा, बाई."

मी सांगितलं. जे सांगू नको म्हणाला होतास, तेही.

त्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "माझं नाव घिऊन न्हेली तिला?"

"हो."

"मंग ती माझ्याकडंच निघाली हुती." त्याने आपल्या मनगटांकडे पाहिलं. "वाळलोय खरा."

उद्या सकाळच्या मोटारीने मी त्याच्याबरोबर त्याच्या गावी जाते आहे. चावडीपुढे उभी राहून हौसा कुणाकडे निघाली होती, ते सगळ्या गावाला सांगेन. कुणी ऐकायला थांबलं नाही, तर घरोघर जाऊन सांगेन. हा माझा शब्द.

तुझी,
इंदू