प पंचवटीचा नव्हे

नाशिक रोड

ती. वन्संना,

प्रतिभाचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, म्हणून मनातल्या मनात). नांदगावची हवा कशी आहे आणि तुमचा खोकला कसा आहे? काढा घेत नसालच.

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईला मराठी वाचता येत नाही, असं तुम्ही माझ्या लग्नापासून म्हणत आला आहात. परवा ते खोटं ठरवायला निघाले आणि भगूरला पोचले. झालं असं, की पंचवटीत अंजलीकडे आम्हा शाळेच्या मैत्रिणींचं जेवण होतं. गौरांग सोडतो म्हणाला. (तुमचा भाचा मला पार्सलासारखा पोचवतो, पोचल्याचा फोटोसुद्धा मागतो.) मागे मी चुकून सातपूरला उतरले, तेव्हापासून त्याने ठणकावलं आहे, की पुन्हा चुकलीस तर बस बंद. म्हणून मुद्दाम एकटीच निघाले. बसच्या कपाळावरच्या दिव्यांच्या पाटीवरची अक्षरं वाचेपर्यंत पुढे पळाली, पण दाराशेजारी ठळक अक्षर रंगवलेलं होतं: प. मी देवनागरीवर विश्वास टाकला. प पंचवटीचा, आणखी कोणाचा?

देवळाली कॅम्प लागल्यावर कंडक्टरबाईंना जाब विचारला.

"आजी, प म्हणजे पर्यावरणपूरक. बॅटरीची गाडी आहे ही. ल म्हणजे लहान, मो म्हणजे मोठी."

"मोठी बस मोठी आहे हे दिसत नाही का कोणाला?"

"ते तुमच्यासाठी नाहीये हो, डेपोसाठी आहे! कुठली चार्जिंगला लावायची, कुठलीत डिझेल भरायचं, ते कळायला."

म्हणजे बघा, अक्षर पॅसेंजरच्या नाकासमोर आणि निरोप डेपोला! आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर असत्या तर अख्ख्या खात्याला बाकावर उभं केलं असतं. (आणि बॅटरीचा साधा ब का नको? ब असता तर मी चढलेच नसते.) अंजलीकडचं जेवण बुडालं ते बुडालंच, वर भगूरला मिसळीवर भागवावं लागलं.

तब्येतीला जपा.

आपली,
प्रतिभा

ता. क. गौरांगच्या ऑफिसातल्या कोणीतरी मला भगूरला पाहिलं आणि लगेच त्याच्या कानावर घातलं. मी सांगितलं, की तुम्ही अचानक आलात आणि तुमच्याच हट्टाने आपण दोघी फिरायला गेलो. त्याचा फोन आला की फक्त 'हो' म्हणा. आत्याचा शब्द तो मोडत नाही. तुम्ही गडबडलात तर माझी बस कायमची बंद.

आणखी एक. मिसळ झकास होती. येत्या गुरुवारी पुन्हा जाणार आहे. तेव्हाही हट्ट तुमचाच आहे.