शेवयांच्या दुकानातली साधना

४ एप्रिल, हाँगकाँग

लोणच्याची बरणी नाही! दोन आठवड्यांच्या ट्रेनिंगला सिंगापूरला गेलेली बाई लोणच्याची बरणी सोबत नेते होय? कंगवाही नाही. पलंगावर एकाच बाजूची चादर चुरगळलेली. अवधूत म्हणतो, मी आल्या आल्या तपास सुरू केला. तपास कसला! लेका-सुनेकडे राहायला म्हणून जालन्याहून एवढ्या लांब आले, आणि सून, साधना, घरातच नाही. पोटचा पोरगा आहे. खोटं बोलताना लहानपणापासून कान चोळतो. आज दिवसभर चोळत होता.

५ एप्रिल

घरात डाळ नाही, पीठ नाही. मला नूडल्सच्या दुकानात नेलं. नूडल्स कसल्या, आपल्या शेवयाच! मागे काचेआड एक म्हातारा जाड बांबूवर एक पाय टाकून बसलेला. बांबूचं एक टोक भिंतीत अडकवलेलं, खाली पिठाचा गोळा, आणि हा दुसऱ्या टोकावर बसून उड्या मारतोय. उडी मारायची, थोडं सरकायचं, परत उडी. पिठात पाणी घालत नाहीत म्हणे, नुसती बदकाची अंडी.

हसू आलं मला. आमच्याकडे शेवयांचं यंत्र बाजेला बसवायचं आणि बाज हलू नये म्हणून घरातलं सगळ्यात जड माणूस वर बसवायचं. आमच्याकडे ते म्हणजे अवधूतचे बाबा. अबोला चालू असला तरी गुपचूप येऊन बसायचे, पेपर घेऊन.

शेवया बारीक, दाताला छान लागणाऱ्या. आवडल्या. सूप कशाचं होतं ते विचारलं नाही. न विचारलेलं बरं.

पण ती दुकानातली म्हातारी! वाट्या ठेवताना आमच्या मागे दाराकडे बघत राहिली, कोणी यायचं राहिल्यासारखी. अवधूतला काहीतरी विचारलं. त्यानं नुसती मान हलवली. माझी वाटी अर्धीही झाली नव्हती, आणि हा उठून उभा.

६ एप्रिल

साधनाला फोन लावतेय. वाजतो, पण ती उचलत नाही. येरझारा घालाव्यात तर घर एवढंसं — वळेपर्यंत भिंत.

७ एप्रिल

राहवेना. सुनेच्या गावी, धावड्याला, अंगदला फोन लावला. साधनाचा भाऊ. आई-वडील नाहीत, माहेर म्हणजे तोच. आता सरळ विचारायचीही सोय नाही — ‘बहीण तुमच्याकडे आलीय का’ म्हटलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या धावड्यात झालं! म्हणून ऊन किती, कापसाचं काय, धाकट्याला दात आले का, सगळं विचारत बसले. शेवटी तोच म्हणाला,

"मावशी, साधीला द्या की जरा. लई दिवस झाले, बोलूनच न्हाई राह्यली."

म्हटलं, आंघोळीला गेलीय. ठेवला फोन.

म्हणजे तिथंही नाही. मंग कुठंय? नको नको ते मनात येतंय.

८ एप्रिल

अवधूत ऑफिसला गेल्यावर एकटीच निघाले. दोनदा रस्ता चुकले. दुकान सापडलं तेव्हा गिऱ्हाईक कमी होतं. म्हातारीला मोबाइलमधला लग्नाचा फोटो दाखवला, साधनावर बोट ठेवलं. तिनं माझा दंड धरला आणि सरळ आत नेलं.

तिच्या मोबाइलमध्ये साधना! बांबूवर बसलेली, कोपरापर्यंत पीठ, तोंड भरून हसतेय. आमच्या घरात असं हसताना मी तिला पाहिलेलं नाही. मंग म्हातारी मोबाइलमध्ये तिच्या भाषेत बोलली आणि मोबाइल हिंदीत बोलायला लागला. बाईचा कोरडा आवाज, बातम्या सांगितल्यासारखा: "लडकी रोज आती थी. काम सीखती थी. कभी रोती थी. कहती थी, घर में कोई बात नहीं करता."

आणि शेवटच्या दिवशी बॅग घेऊन आलेली. दोघांच्या पाया पडली. त्यांना कळेचना ही काय करतेय. म्हातारीनं वाकून करून दाखवलं.

म्हाताऱ्यानं मला बांबूवर बसायची खूण केली. बसले. एक उडी मारली आणि रडायलाच आलं. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं लागलं मला.

८ एप्रिल, संध्याकाळ

बूट काढायच्या आत अवधूतला धरला. या वेळी कान चोळला नाही. गेली म्हणाला, महिना झाला. कुठं ते माहीत नाही. तुझी तब्येत, म्हणून सांगितलं नाही. मारहाण नाही, दुसरी बाई नाही, काही नाही.

"भांडण झाल्तं. मंग मी बोलायचं बंद केलं. वाटलं, येईल आपणहून."

"किती दिवस?"

बुटाची नाडी सोडत म्हणाला, दिवाळीपासून.

दिवाळीपासून! परमुलखात, जिथं शेजारणीशी दोन शब्द बोलायची सोय नाही, तिथं ही पोरगी बोलायला मिळावं म्हणून शेवयांच्या दुकानात जात होती. ह्यांचा अबोला मी जन्मभर खपवून घेतला. पण मला सगळी गल्ली होती बोलायला. याला वाटलं, बायका खपवूनच घेतात.

इतका राग आला की पोराला जेव म्हणाले नाही. तोही जेवला नाही.

९ एप्रिल

काही कळलं नाही. देवाला हात जोडून बसलेय.

१० एप्रिल

सकाळी जालन्याहून शेजारच्या सगुणाबाईंचा फोन — तुमची सून पायरीवर बसलेली दिसली, मी आमच्याकडे घेतलंय. मंग साधनाचा आवाज. पुण्यात मैत्रिणीकडे होती. "तुम्ही ह्यांचीच बाजू घ्याल वाटलं, म्हणून फोन उचलला न्हाई. मंग म्हटलं, तुम्ही कुणाच्या बाजूनं ते तोंडावरच विचारावं. तुमच्याकडंच आल्ते, आई. तर कुलूप."

म्हटलं, किल्ली सगुणाबाईंकडे आहे, उघड आणि राहा.

अवधूतला माझं परतीचं तिकीट काढायला सांगितलं. त्यानं विचारलं, "मी पण येऊ?"

म्हटलं, तिला विचारून सांगते.