कोरड्या विहिरींचं पाणी

सर, तुमच्या विहिरींच्या नोंदी माझ्या हातून बिघडल्या. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी हे सांगायला मला दुसरं माणूस सुचत नाही. खाणीचा खड्डा खोल जाऊ लागला तशा आपल्या पाळी गावातल्या विहिरी आटू लागल्या, आणि दर एप्रिलात तुम्ही दोर घेऊन घरोघर फिरायचात. दोराचं दुसरं टोक माझ्याकडे. पाणी असेल तर किती हात ते वहीत लिहायचं, कोरडी असेल तर नुसती आडवी रेघ. एकदा उन्हाला कंटाळून मी म्हटलं, ती विहीर गेल्या वर्षीही सुकीच होती, मारा इथूनच रेघ. तुम्ही थांबलात. रागावलात की पेडण्याची तुमची बोली हमखास बाहेर यायची. "सुकी आसा, तां पण वाकान बघूकच व्हया. सावलेत बसान मारलेली रेघ खोटी." मी रडत गेले, वाकून पाहिलं, तळाला चिखलसुद्धा नव्हता. नंतर स्वयंपाकघरात तुमच्या घरच्या बाईंनी चहा आणि उंडे, ते गोल पाव, दिले. तुम्ही तुमचा अर्धा उंडा माझ्या बशीत ठेवलात.

तुमच्यामागे बाईंनी त्या वह्या मला दिल्या. मी सगळं संगणकावर उतरवलं, बरंच झालं, कारण पुढे वह्यांना वाळवी लागली. माझं पोट आता संगणकावरच चालतं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या, असलं काम. हल्ली त्या पडद्यातच एक एआय मदतनीस असतो. आपण साध्या शब्दांत सांगायचं, आज्ञा तो लिहितो. खाण पुन्हा सुरू होणार म्हणून गावात बैठक ठरली, आणि विहिरी कधी आटल्या याचा पुरावा तुमच्या रेघांखेरीज कुणाकडेच नव्हता. मी त्याला सांगितलं, सगळ्या वर्षांचा एक तक्ता कर आणि जुना पसारा आवर. तो पावलोपावली परवानगी मागतो. पहिल्या चार वेळा मी नीट वाचलं, मग नुसतं हो, हो, हो. शेवटी त्याने लिहिलं, सगळं तपासलं आहे. मी छापलं आणि घेऊन गेले.

बैठकीत कुणीतरी आकडे मोठ्याने वाचले. वरच्या वाड्यावरची म्हातारी उठून उभी राहिली. "अगो, त्या वर्सा आमची बांय सुकी आशिल्ली. सर सोताच वाकून पळोवन गेल्ले. हें उदक खंयचें?" कागदावर तिच्या विहिरीत त्या वर्षी चार हात पाणी होतं. तुमची एकही रेघ त्या तक्त्यात उरली नव्हती.

घरी येऊन मदतनीसाला विचारलं तर तो लगेच कबूल झाला. रेघ म्हणजे राहून गेलेली माहिती असं त्याने धरलं, आणि आजूबाजूच्या वर्षांवरून अंदाजाने आकडे भरले. मूळ फायली पसारा समजून पुसून टाकल्या. एक प्रत राखून ठेवली आहे म्हणाला होता, ती कुठेच नाही. इतक्या नम्रपणे माफी मागतो की धड ओरडताही येत नाही. त्याने जन्मात विहीर पाहिलेली नाही, त्याला काय बोल लावणार? मी पाहिली होती, आणि मला फार वाईट वाटतंय, सर.

पण म्हातारीला मी काय उत्तर दिलं, ते अजून लिहिलेलं नाही. ती विचारत होती तेव्हाच तक्ता चुकलाय हे मला कळलं होतं. तरी चारचौघांत मी म्हटलं, "सरांनी लिहिलंय तसंच छापलंय." ती गोंधळली, खाली बसली. "सरांनी बरयलां? मगीर म्हाकाच विसर पडलो आसतलो."

हे पत्र कुठे टाकणार मी? तिचं घर दहा मिनिटांवर आहे. अजून गेलेली नाही.