तारामतीच्या गिरणीचं कुलूप

निपाणी, ६ जानेवारी २०२५

चि. दिव्यास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर बोललं की सगळं घर कान लावतंय, म्हणून पत्र. गेल्या मंगळवारी गिरणीत बसल्या बसल्या माझा डोळा लागला. पदर पट्ट्यात जायचा, थोडक्यात वाचले. जिनेंद्रनं त्याच दिवशी कुलूप घातलं. आईचं वय झालं, आता घरात बसावं म्हणे. माझ्या गिरणीला माझ्याच लेकाचं कुलूप!

तुझ्या दवाखान्यात ये म्हणू नकोस. मागं झोप तपासायला म्हणून अंगभर वायरी चिकटवल्या, बैलाला येसण घालावी तशी नाकात नळी घातली. अर्ध्यात सगळं उपटून आले तेच बरं केलं.

लोभ आहेच, रागही आहे.
तारामती

खासबाग, बेळगाव, १० जानेवारी

ती. आत्यास जय जिनेंद्र, सा. न. वि. वि.

एकसष्ट म्हणजे काय वय झालं न्हाय. मला वाटतं, झोपेत तुझा श्वास अडतो, म्हणून दिवसा पेंग येते. आमच्याकडं एक नवा कॅमेरा तपासून बघताहेत. अंगाला काही लावायचं न्हाय. श्वास सोडला की नाकापाशी ऊब, घेतला की गारवा, तेवढंच तो लांबून टिपतो. पडद्यावर नुसते रंग दिसतात. रात्रभर खोलीत तपासायला मीच असेन. जिनेंद्रअण्णाला विचारू नकोस, बसमध्ये बस अन् ये.

लोभ असू दे, पण आधी तू ये.
तुझी दिव्या

निपाणी, १२ मार्च

चि. दिव्यास आशीर्वाद.

त्या रात्रीचं चित्र सकाळी तू दाखवलंस, त्यात नाकापाशीचा रंग यायचा, जायचा, आणि मधेच थिजायचा. तासाला एकतीस वेळा! बघून भ्याले, पण बरंही वाटलं. मी म्हातारी न्हाय, आळशी न्हाय, श्वासच पुरत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या तपासणीनं पक्कं केलं, झोपेत नाकातून हवा देणारं मशीन दिलं, बरं वाटेस्तोवर गिरणी बंद म्हणाल्या. त्यांचं ऐकलं. रोज मास्क लावते, माझ्या हातानं. परवा त्यांनी मोकळीक दिली आणि काल मी कुलूप फोडलं. किल्ली मागितली न्हाय.

जिनेंद्र ओरडत आला. तपासणीचा कागद हातात दिला आणि गिऱ्हाइकांपुढं मोठ्यानं वाचायला लावला. एकतीसचा आकडा त्यानं दोनदा वाचला. लोक गेल्यावर हळूच म्हणाला, त्यालाबी सकाळी डोकं जड असतंय, गाडी चालवताना डोळा लागतोय.

सोमवारी त्याला घेऊन येते. नको म्हणतोय. कोण विचारतंय त्याला? खाट तयार ठेव.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी आत्या