बोअर नंबर सतरा

९ नोव्हेंबर

सापडली! शेडमध्ये, मागच्या रांगेत, सगळ्यात खाली. बोअर सतरा, पेटी बारा. उघडली नाही. शेडवाल्याने किल्ल्यांचा जुडगा पुढे धरला, मी म्हटलं, उद्या. चौतीस वर्षं थांबले, आणखी एक दिवस काय!

खरं म्हणजे धीर झाला नाही.

साहेबांना वाटतं मला कामाची फार हौस. तांब्याला भाव आलाय, बंद खाण पुन्हा उघडायची, त्याआधी जुन्या सगळ्या बोअरमधून निघालेल्या, या शेडमधल्या पेट्यांत ठेवलेल्या दगडाच्या कांड्या नव्याने तपासायच्या. धुळीचं, कंटाळवाणं काम. मी ते मागून घेतलं. का, ते फक्त इथे लिहिते — बाबांसाठी.

सतरा नंबरची तपासणी बाबांची. त्यांच्या अहवालात पंचाहत्तर मीटरच्या आसपास टणक दगड होता. त्या भरवशावर खाणवाल्यांनी खालचा बोगदा पुढे नेला. तिथे दगड नव्हताच. कुणीतरी पूर्वी खोदून सोडून दिलेली पोकळी होती, पाण्याने गच्च भरलेली. अकरा माणसं गेली. बाबांची नोकरी गेली. लोक म्हणाले, मालकाने त्यांचे हात ओले केले असणार. चौकशीत बाबा एकच वाक्य बोलले — "सही माझी आहे." पुढे मरेपर्यंत त्या विषयावर चकार शब्द नाही.

माझी खात्री आहे, बाबांनी पाहण्याआधीच कुणीतरी कांड्या हलवल्या, पोकळीच्या जागी दगड भरला. ते सिद्ध केलं की झालं. आई ऐंशीची आहे. तिच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं.

१० नोव्हेंबर

उघडली.

दर खेपेला कांड्या वर काढल्या की ड्रिलवाले शेवटी लाकडी ठोकळा ठेवतात, त्यावर खोली लिहितात. एक ठोकळा ७४.२०. पुढचा ७६.६०. मधे जवळजवळ अडीच मीटर दगड हवा. होतं काय? वीतभर काळं काहीतरी. बस्स.

अहवालाची टाइप केलेली प्रत शेजारी ठेवली. ७३.००: काळा पाटीचा दगड, टणक. ७४.२०: वरीलप्रमाणे. ७६.६०: वरीलप्रमाणे.

"ओला केल्याशिवाय दगड बोलत नाही," बाबा म्हणायचे. स्पंज फिरवला. रेषा दिसल्या. वास आला. लाकूड! खाणीच्या छताला लावतात तो टेकू, ड्रिलने गोल कापून वर आणलेला. असा तुकडा कुणी मागाहून बनवून ठेवत नाही. म्हणजे कुणीही काही हलवलेलं नाही. पोकळी होती, आणि बाबांनी ती याच पेटीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

"काय निघालं, मॅडम?"

"काही नाही," म्हटलं.

शेडवाला म्हणाला, "तुम्ही त्यांचीच मुलगी ना? चालण्यावरून ओळखलं. माझे वडील त्या अकरात. यादीत चौथे." आणि चहा आणायला गेला! शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा तसाच ठेवून मी पेटी बंद केली.

११ नोव्हेंबर

शेडमध्ये पाणी टपकतंय. नळ आवळला, स्पंज पिळून ठेवला, बादली बाहेर नेली. तरी टप, टप. शेडवाला म्हणतो, "पत्रा आहे मॅडम, उन्हाने वाजतो." आज दिवसभर ऊन नव्हतं.

१३ नोव्हेंबर

पेट्या मोजते आहे आणि अकराशी आले की थांबते. वेड्यासारखं.

बाबांचा भयंकर राग येतोय. मेलेल्या माणसावर रागावून करायचं काय! रविवारी मला याच शेडमध्ये आणायचे. स्पंज माझ्या हातात. संध्याकाळी घरी त्यांच्या कागदांवर पट्टीने रेघा मी आखायची, पक्की प्रतही कधी कधी मीच करायची. बारा वर्षांची होते, पण अक्षर त्यांच्यापेक्षा बरं. त्यांचं म्हणजे कोंबडीचे पाय! अपघातानंतर सगळं बंद. कागदाला हात लावला तरी अंगावर यायचे. पुढे मी हाच विषय शिकायला घेतला तेव्हा महिनाभर अबोला. "दुसरं काहीही शीक," म्हणाले. मला वाटायचं, वड्याचं तेल वांग्यावर काढतायत.

काल स्वप्नात शेडवाल्याचे वडील आले. कपडे ओले. काही विचारलं नाही. नुसते रांगेत चौथे उभे राहिले.

१५ नोव्हेंबर

आज आईला सांगून टाकलं. बाबांनी पोकळी पाहिली आणि दगड लिहिला. लोक खरं बोलत होते.

ती भाजी निवडत होती. "तोंड सांभाळून बोल," एवढंच म्हणाली. मग उठली, गुडघ्यावर हात ठेवत आतल्या खोलीत गेली आणि ट्रंकेच्या तळातून एक वही आणून माझ्यापुढे टाकली. बाबांची, कामावरची. जाड कापडी कव्हर, ते अजून चिखलाने कडक.

"जाळायला दिली होती मला. नाही जाळवली. वाचू नकोस म्हणाले, म्हणून नाही वाचली. आता तू बघ."

त्यात कोंबडीच्या पायांनी लिहिलंय — "७४.२० ते ७६.६० पोकळी. ड्रिलचा दांडा आपोआप खाली गेला. वर लाकूड आलं. जुनं खोदकाम! तातडीने कळवणे." खाली दोन रेघा. इतक्या दाबून की पान फाटलंय.

बाबा खोटं बोलले नव्हते! मी आईच्या गळ्यात पडून रडले. ती पाठ थोपटत राहिली. "नाव धुऊन निघेल ना गं?" म्हणाली. निघेल! टाइप होताना कुणीतरी बदललं. मालकाचा माणूस असणार. पण ही वही चौकशीत दाखवायची सोडून बाबा मूग गिळून का बसले?

१८ नोव्हेंबर

बाबांच्या ऑफिसातल्या तेव्हाच्या टायपिस्टबाईंना भेटून आले. आता बऱ्याच थकल्यात, पण जीभ शाबूत.

"मी एक अक्षर बदललं नाही हो! समोर असेल तसं टाइप करायचं, मक्षिकास्थाने मक्षिका. खुणा होत्या तिथे वरीलप्रमाणे लिहिलं. तुझ्या बाबांनी सही करून दिलेला कागद होता तो."

"तो कागद कुठेय?"

"त्यांनीच नेला की. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी आले, म्हणाले, मूळ कागद द्या. दिला. माझ्या समोरच्या खुर्चीवर बसून बघत राहिले. मी पाणी दिलं, प्यायले नाहीत. मग घडी घालून वहीच्या कव्हरात सरकवला आणि गेले. ऑफिसने मागितला तेव्हा म्हणे सांगितलं, फाडला."

वहीच्या कव्हरात.

१९ नोव्हेंबर

आहे. चार घड्या. ७३.०० समोर "काळा पाटीचा दगड, टणक". त्याखाली दोन-दोन टिकल्या, वरीलप्रमाणेच्या. पानाच्या तळापर्यंत, एका सरळ रेषेत, एकही ओळ न सोडता. सुबक. कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेलं पाच पाकळ्यांचं फूल. तेव्हा मी सगळीकडे तेच फूल काढायची.

आता आठवतं. मला खेळायला जायचं होतं. "एवढ्यात झालंसुद्धा?" बाबा हसले, आणि न वाचता खाली सही केली.

आईने दारातून विचारलं, "सापडलं का गं, कुणी केलं ते?" हो म्हटलं.

उद्या आधी शेडवाल्याला सांगायचं, मग साहेबांना. अक्षर माझं आहे.