तुझा शिक्का डबीतच राहिला

डार्टमूर, गुरुवार दुपार

प्रिय जॅगोदादा,

आधी तुझ्या नव्या गुडघ्याला नमस्कार, मग तुला.

मी मजेत आहे. आत्याच्या सायकलला ब्रेक आहे, काळजी नको. (एकच आहे, पण लागतो.) जुन्या रेल्वेची वाट अजून तशीच, चढ जाणवतसुद्धा नाही. मेंढ्याही तशाच, घंटी वाजवली तरी हलत नाहीत.

आणि डबी सापडली, आपल्या शिक्क्यांच्या खेळातली, माळावर कुणीतरी लपवून ठेवलेली! पुलापलीकडच्या चपट्या दगडाखाली, तू सांगितलंस तिथेच. डबीतल्या वहीत माझा शिक्का मारला, डबीतला शिक्का माझ्या वहीत. मग तुझा काढला, तू रबरात कोरलेला तो कोल्हा, जो मांजरासारखा दिसतो. मी निघताना तो हळूच हातात देऊन म्हणालास, "माझाही मार गं, कोण बघतंय!"

मी नऊ वर्षांची होते, तापाने फणफणत खाली गाडीत बसले होते, तेव्हा वर डबीपर्यंत जाऊन आल्यावर माझी वही कोरीच परत देताना काय म्हणाला होतास? "जो स्वतः आला नाही, त्याचा शिक्का नाही. नियम म्हणजे नियम."

म्हणून तुझा कोल्हा डबीतच ठेवतेय. येऊन घेऊन जा. वहिनी म्हणते, तू व्यायामाला टाळाटाळ करतोस, खुर्ची सोडत नाहीस. खरं का रे?

हे पत्रही डबीतच ठेवते. जुन्या रिवाजाप्रमाणे पुढचा येणारा ते टपालात टाकेल. म्हणजे ते तुझ्या हातात पडलं, की समज, तुझ्याआधी कुणीतरी पोचलंसुद्धा.

ऊठ आता.

तुझीच, नियमाची पक्की,
टॅमसिन