ओळख, तुझ्या गैरहजेरीत

प्रिय दादा,

वहिनीच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असं कळलं, बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग. वहिनीवर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकते. तुझ्यावर आहे, आणि चांगला भरपूर आहे.

बातमी अशी की मी तुमच्या सिगारप्रेमी मंडळाची सभासद झाले. दचकलास ना? अध्यक्ष तू, नवी सभासद तुझी सख्खी धाकटी बहीण, आणि तुला पत्ताच नाही! तू सासुरवाडीला जाणार होतास तोच शनिवार मी मुद्दाम निवडला. हॉटेलच्या वरच्या मजल्यावर ती तुमची खोली, आणि तिथे मी एकटीच बाई. खुर्च्या झकास आहेत हो, पण खिडक्या शेवटच्या कुणी आणि कधी पुसल्या?

रिवाज तुला मी काय सांगायचा! नव्या माणसाने उभं राहून ओळख करून द्यायची. नावगाव, नोकरी कुणी विचारत नाही. पहिली सिगार कुणी दिली आणि कशी, एवढंच सांगायचं. मंडळींना पटलं की अध्यक्ष स्वतः काडी ओढून त्याची सिगार पेटवतात. तुझी ओळख मी ऐकली आहे. तू अध्यक्ष झालास तेव्हा ती पुन्हा सांगितलीस ना, त्याचा व्हिडिओ वहिनीने कौतुकाने मला पाठवला. दुकानात बसून मी तो पाहिला आणि समोरच्या आजोबांना भलत्याच नंबरचा चष्मा लावला. तू सांगत होतास की रविवारी सकाळी बाबा गॅलरीत बसायचे, सिगारवरची सोनेरी कागदी पट्टी काढून तुझ्या बोटात अंगठी म्हणून घालायचे. पहिल्या पगारातून तू त्यांना सिगार आणलीस आणि त्यांनी पहिला झुरका तुलाच दिला. लोक डोळे पुसत होते रे! जनाची नाही तर मनाची तरी लाज? ती अंगठी माझ्या बोटात असायची. तो पगार माझा होता. मी झुरका घेतला तेव्हा आई कपाळावर हात मारून म्हणाली होती की आता हिला मिशा फुटायच्या तेवढ्या राहिल्या. आणि तू? तू नाकाला रुमाल लावून आतल्या खोलीत दार बंद करून बसायचास. बाबांच्या सदऱ्याला वास येतो म्हणून त्यांच्या शेजारी जेवायलासुद्धा बसत नव्हतास. ते गेल्यावर त्यांची सिगारची लाकडी पेटी मात्र लगेच उचललीस आणि पेटीबरोबर माझे रविवारही. आयत्या बिळावर नागोबा!

शनिवारी तुझ्या खुर्चीत तुमचे उपाध्यक्ष होते, ते दातांचे डॉक्टर. मी उभी राहिले तेव्हा घाबरले होते, खोटं कशाला बोलू. पण बोलत गेले तशी भीड चेपली. तुझीच गोष्ट सांगितली, फक्त ज्याची त्याला परत देऊन. शेवटी बाबांनी मला अगदी पहिल्यांदा काय शिकवलं ते सांगितलं. धूर छातीत ओढायचा नाही, तोंडातल्या तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा. तेवढं ऐकलं आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला काही कळेना. मग डॉक्टरांनीच सांगितलं की अध्यक्ष दर शनिवारी धूर थेट छातीत ओढतात, खोकून खोकून लालबुंद होतात आणि खोलीतल्या कोरड्या हवेला नावं ठेवतात. आजवर तुझ्या मानाखातर कुणी बोललं नव्हतं इतकंच. आता मात्र एकेक जण हसायला लागला. बाबांच्या हाताखाली शिकलेला माणूस असा खोकेल का, हे मला विचारावंही लागलं नाही. डॉक्टरांनी काडी ओढली. मी सिगार शेवटपर्यंत ओढली, अगदी सावकाश, आणि एकदाही खोकले नाही. फार बरं वाटलं, दादा. इतकं बरं वाटणं शोभत नाही, पण वाटलं.

एकजण म्हणाला की लगेच तुला फोन लावू आणि विचारू. मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, माझा भाऊ आहे, मी कळवते. म्हणून हे पत्र. बाबा शेवटचा आठवडाभर दवाखान्यात होते. शुद्धीवर होते, दाराकडे बघून सारखं धाकटी आली का विचारत होते, हे मला नंतर तिथल्या नर्सने सांगितलं. मी तासाभराच्या अंतरावर होते. तू फोन केला नाहीस. सगळं उरकल्यावर पत्र पाठवलंस, कारण माझा आवाज ऐकायची तुझी छाती नव्हती. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. आज संध्याकाळी मंडळाची बैठक आहे, तुला काढून नवा अध्यक्ष निवडायची. तू आलास, हातापाया पडलास, तर कदाचित ऐकतीलही, माणसं मऊ आहेत. ती बैठक संपली, सगळे आपापल्या घरी गेले, की मी हे पत्र टाकणार आहे. तुझेच शब्द, दादा: उगाच तुझी धावपळ नको, म्हणून आधी कळवलं नाही.

तुझीच,
धाकटी